कावळ्यानं मंजूर केलेला विषय

मी कॉलेजात कुठल्या शाखेला जायचं हे एका कावळ्यानं ठरवलं. कुणाचं मार्कांवर ठरतं, कुणाचं मामाच्या ओळखीवर ठरतं, कुणाचं त्या दिवशी कुठल्या खिडकीपुढं रांग कमी आहे त्यावर ठरतं. माझं कावळ्यानं ठरवलं. हे मी आजवर निदान दोनशे वेळा सांगितलंय, आणि दर खेपेला तो कावळा थोडा मोठा होत गेलाय, हेही कबूल करतो. आज तो कावळ्याएवढाच ठेवायचा प्रयत्न करीन. जमलं नाही तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, कृष्णेच्या काठाला. दर दोन घरांआड एक माणूस पलटणीत. आमच्या घरचा पलटणीतला माणूस म्हणजे तात्या, माझे थोरले चुलते. हवालदार होऊन पेन्शनीवर आले होते. आवाज असा, की त्यांनी गोठ्यातून म्हशीला हाक मारली की पाऊण मैलावरच्या फाट्यावर यष्टी थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, आपल्यालाच कुणी हात केला. खोकलासुद्धा कवायतीचा होता. खक्-खक्, दोन ठोके, मग शांतता, जणू मधे कुणी 'सावधान' म्हटलंय. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळं घरात जे एकच पोरगं होतं, म्हणजे मी, त्याच्यावर त्यांचा पहारा असे.

दुष्काळ नुकताच सरलेला. मी अकरावी मॅट्रिक झालो. पास झालो हे ऐकून आमच्या गणिताच्या मास्तरांनी पेपरात माझा नंबर स्वतः दोनदा तपासला, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. आता पुढं काय? आमच्या घराण्यात त्या आधी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पोरगं एकतर उसात जायचं, नाहीतर भरतीला. मला वाटायचं, सगळंच व्हावं. आणि सगळं व्हावं असं ज्याला वाटतं त्याला काहीच व्हायचं नसतं, असं आमचा आबा म्हणायचा. आबा म्हणजे माझे वडील.

आबाचं मत पक्कं होतं. सायन्स. त्याला कारण एक खुर्ची. नदीवरून पाणी उचलायची स्कीम पाहायला एक इंजिनियर जीपमधून आला होता. सोसायटीच्या चेअरमननं स्वतः पळत जाऊन त्याच्यासाठी खुर्ची आणली, आणि तो बसेपर्यंत सगळं गाव उभं राहिलं. गावात तेव्हा चारही पाय धड असलेली ती एकच खुर्ची. आबानं त्याच दिवशी ठरवलं, या खुर्चीत आपलं पोरगं बसणार.

तात्यांचं मत मात्र कुणालाच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून ते मला एकच विचारायचे, "मग, काय ठरलं?"

मी रोज नवं सांगायचो. सोमवारी वकील, मंगळवारी ओव्हरसियर, बुधवारी पाचगणीच्या बोर्डिंगात इंग्रजीचा मास्तर, गुरुवारी शेतकी कॉलेज. तात्या सगळं ऐकून घ्यायचे. चांगलं नाही की वाईट नाही. "बरं," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, "मग, काय ठरलं?" मी एकदा वैतागून म्हणालो, "तात्या, तुमीच सांगा की येकदा, मी त्ये करतो." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बूट उलटे घालून परेडला आलोय.

एके दिवशी त्यांनी सकाळीच विचारलं. मी घाईत होतो. विहिरीवर पोरं पोहायला जमलेली. म्हणालो, "सांजच्याला सांगतो, तात्या."

दुपारी जेवून ते बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आता इथं मी एरवी सांगताना सांगतो, की त्यांचे डोळे उघडे होते आणि ते फाटकाकडं, म्हणजे मी येणार त्या वाटेकडं बघत होते. ते खरं नाही. डोळे मिटलेले होते. पण मला ते उघडे दिसले, आणि पुढं तीन महिने दिसत राहिले, ते खरं आहे.

दहाव्याला सगळा गाव नदीवर. आमच्याकडं बायकाही घाटावर येतात, तशी काकी, म्हणजे तात्यांची बायको, दोन बायकांच्या आधारानं पायरीवर येऊन बसली होती. गुरुजींनी विधी आटोपले, भाताचे पिंड मांडले आणि आम्ही सगळे दहा-पंधरा पावलं मागं सरकून उभे राहिलो. आता कावळ्यानं यायचं आणि पिंडाला चोच लावायची. लावली, की माणूस तृप्त होऊन गेला. नाही लावली, तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली.

कावळे आले. मी एरवी दीडशे सांगतो, सहा होते. समोरच्या करंजावर रांगेत बसले आणि आमच्याकडं असे बघायला लागले, जणू पंच कमिटीची मिटिंग भरलीय.

एक घटका गेली. कावळा हलेना. ऊन असं, की वाळूत पाय ठेवला तर भाकरीसारखा फुगेल. मग लोक एकेक करून पुढं व्हायला लागले. रीतच आहे तशी. गेलेल्याची इच्छा काय असेल याचा अदमास घ्यायचा आणि हात जोडून मोठ्यानं वचन द्यायचं.

आबा पुढं झाला. "दादा, वैनीला अंतर देनार न्हाई. माझ्या ताटातली निम्मी भाकरी तिची."

कावळा ढिम्म.

चेअरमन पुढं आला. "हवालदार, तुमच्या वरच्या तुकड्याला पाइपलाइन यंदाच्या यंदा. माझा शबूद."

एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास रोखला. तो जाऊन पलीकडच्या फांदीवर बसला.

"म्हैस इकनार न्हाई, दादा."

"बांधाचा तंटा मिटवतो, हवालदार. हात-दोन हात जमीन गेली तर जाऊ द्या."

हे शेवटचं आमच्या बांधकऱ्यानं म्हटलं. वीस वर्षांचा तंटा त्यानं उन्हापायी सोडला. तरी कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाची काडी हातात घेऊन घड्याळ बघायला लागले. कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मोकळे होतात. पण गावात मग तीन पिढ्या बोलणं होतं, की ह्यांच्यात दर्भाचा लावला. आबाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं.

आणि मला तर आधीपासून माहीतच होतं, कावळा कशासाठी अडलाय. सांजच्याला सांगतो म्हणालो होतो. दहा दिवस झाले, मी सांगितलं नव्हतं.

मी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरू केलं. यष्टीचा कंडक्टर स्टॉप ओरडतो तसं. तात्या, सायन्सला जातो. तात्या, आर्ट्सला जातो. तात्या, कॉमर्स. तात्या, शेतकी. तात्या, पलटण, छाती भरत नाही पण भरवतो. परत पहिल्यापासून. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, शेतकी, पलटण. चार फेऱ्या झाल्या असतील, पाच असतील, मला भोवळ यायला लागली होती, आणि तेवढ्यात आबा माझ्या कानाशी ओरडला, "दादा, पोराला सायन्सला घालतो! इंजिनियर करतो! माझं वचन हाय तुमास्नी!"

"शिवला! शिवला!"

मी डोळे उघडले. कावळा पिंडावर होता. आबा जागच्या जागी मटकन खाली बसून रडत होता. लोक म्हणत होते, "बघा, पोरात जीव अडकला व्हता." घाट मोकळा झाला, माणसं जेवायला सुटली. काकी तिथंच बसून होती, पदर तोंडाला लावून.

आणि मी बोटांवर परत स्टॉप मोजायला लागलो. कारण आबा ओरडला तेव्हा मनातल्या मनात माझा कुठला स्टॉप चालू होता, हे मला आठवेना. कावळ्यानं काहीतरी मंजूर केलं होतं. पण काय?

घरात शंका कुणालाच नव्हती. आबानं मोठ्यानं दिलेलं वचन गावानं ऐकलं होतं, कावळ्यानं त्यावर चोच मारली होती. आठवड्याच्या आत माझी ट्रंक भरली, आणि मी सांगलीला सायन्सच्या पहिल्या वर्षाला दाखल झालो.

तुम्ही म्हणाल, गाव सुटलं, नदीचा घाट सुटला, झालं मग. कसलं झालं! आमच्या गावापुढनं कृष्णा वाहते ती कुठं जाते? सांगलीला जाते. आम्ही तात्यांची राख सोडली ती त्या पाण्यात, पिंड सोडले ते त्या पाण्यात. मी कोरेगावला पॅसेंजर धरून, डब्यात उभा राहून, इंजिनाच्या धुरानं तोंडाला काळं फासून सांगलीला उतरलो, तेव्हा तात्या पाण्यानं माझ्या आधी पोचून बसले होते. पहिल्या रविवारी पुलावर उभं राहून खाली पाहिलं, तर भोवरा एकाच जागी गरगरत होता. पुढं सरकायला तयार नाही.

मग सुरू झालं. रसायनाच्या प्रयोगशाळेत आम्हाला एकेक कागदाची पुडी मिळायची, पुडीत कसलं तरी मीठ. ते कुठलं मीठ ते ओळखायचं. एकेक गट तपासायचा, नसला की बाजूला काढायचा, पुढचा गट. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू सोडायचा आणि रंग बघायचा. मी नळी ज्योतीवर धरली, की मागनं खक्-खक्. दोन ठोके. मी वळून बघायचो तर खिडकीत कावळा. माझी नळी फुटायची. पहिल्या महिन्यात मी एवढ्या नळ्या फोडल्या, की ज्या दुकानातनं कॉलेज नळ्या आणायचं त्या दुकानदारानं दिवाळीला मला पेढे द्यायला हवे होते.

वर्गात हजेरी घेताना माझा नंबर आला की मी 'हजर' म्हणायचो, आणि मला ऐकू यायचं, की कुणीतरी माझ्याबरोबरच म्हटलं. जाड आवाजात. गणिताच्या तासाला फळ्यावर मास्तर लिहीत असायचे आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास. 'मग, काय ठरलं?' मी मनात म्हणायचो, ठरलंय की तात्या, सायन्सलाच आलोय की. श्वास हलायचा नाही. मग मला वाटायचं, चुकलं. कावळा आर्ट्सवर बसला असणार. नाहीतर पलटणीवर. पलटणीवरच असेल, हवालदार माणूस!

ही सगळी गोष्ट मी मेसच्या जेवणावर पोरांना सांगायला लागलो, आणि तिथं माझं वाटोळं झालं. कारण मला ती सांगता येत होती. रविवारी दुपारी नदीच्या पायऱ्यांवर पोरं जमायची, "हवालदार काढ रं," म्हणायची. मी काढायचो. पहिल्या रविवारी कावळा कोंबडीएवढा झाला. दुसऱ्या रविवारी तो कवायतीतलं 'बायें मूड' म्हणाला. तिसऱ्या रविवारी तात्या मूठभर राख होऊन पाण्यावरनं चालत आले, आणि मागच्या पायरीवरचं एक पोरगं चपला सोडून पळालं. गंमत अशी, की रविवारी जे मी रचायचो ते सोमवारी मला प्रयोगशाळेत दिसायचं. मीच घडवलेलं मलाच धरायला उठायचं. श्रावण संपेस्तोवर माझं वजन निम्मं झालं. निम्मं नसेल, चार-पाच शेर तरी.

माझा खोलीतला सोबती जतकडचा होता, घरी कानडी बोलणारा. त्याला माझी दया आली.

"यप्पा," तो म्हणाला, "तुझा चुलता मेलाय का बदली होऊन आलाय?"

"हसतोस काय गड्या? माझा जीव चाललाय. सायन्स सोडावं तर वचन मोडतंय, धरावं तर तात्या सोडंना."

"मग इच्यार की त्यालाच."

"कसं इच्यारू?"

"सॉल्टगत. सगळी नावं एकदम घेतलीस म्हणून घोळ झालाय तुझा. एकेक गट वेगळा काढ. ज्याला रंग येईल ते तुझं मीठ."

मला वाटतं, एवढ्या शास्त्रीय पद्धतीनं आजवर कुठल्या भुताला कुणी विचारलं नसेल.

संधी चालून आली. माणूस गेल्याच्या पहिल्या वर्षी पितृपंधरवड्यात भरणीला श्राद्ध करतात. त्यासाठी घरून बोलावणं आलं. शाखा बदलायची शेवटची तारीख त्याच्या पुढच्या सोमवारी होती, कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागलेली. मी घरी गेलो. आईनं सैपाक केला होता, खीर, वडे, भाजी. कावळ्याचं पान आबानं भिंतीवर ठेवलं, ते कावळ्यानं खाल्लंही. सगळे जेवून कलंडले. मग मी सैपाकघरात शिरून उरलेले वडे उचलले आणि मागच्या परसात गेलो.

पळसाची पाच पानं भिंतीवर मांडली. प्रत्येक पानावर एक वडा, एक चमचा खीर. माप एकसारखं, प्रयोगाला बाधा नको. पानांखाली कोळशानं खुणा. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, शेतकी, पलटण. हात जोडून म्हणालो, "तात्या, ह्यावेळी घाई न्हाई. एकाच पानाला तोंड लावा. जे लावाल ते मी जन्मभर करीन. पर ह्या सोमवारपासनं मला मोकळं करा."

कावळा आला. तोच असावा, मला खात्री आहे, त्याच्या बघण्यात पंचाचा भाव होता. सरळ सायन्सच्या पानावर बसला आणि वडा उचलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो.

वडा गिळून तो आर्ट्सवर गेला. तिथला उचलला. मग कॉमर्स. मग शेतकीचा खाऊन पलटणीचा वडा चोचीत धरला आणि उडून गेला. पाचही ठिकाणी ॲडमिशन घेतली त्यानं.

"ह्ये काय रं?"

मागं काकी उभी होती. पांढऱ्या कपाळाची, वाळून गेलेली. तात्या गेल्यापासून ती कुणाशी फारसं बोलत नव्हती.

"कावळ्याला... ठिवलं व्हतं."

"येका मानसाला पाच पानं?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सांजच्याला सांगतो म्हटलेलं, पाच स्टॉप, खोकला, मानेवरचा श्वास, मीठ, सोमवार. काही वाढवलं नाही. वाढवायची ताकदच उरली नव्हती. काकी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतीय. ती हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती.

"तुला वाटतं तुझ्यापायी शिवला?"

"मग?"

"तुझा आबा म्हंतुय त्येच्या वचनानं शिवला. चेरमन सगळ्या गावाला सांगतुय, पाइपलाइनचं आयकून शिवला. बांधकऱ्याची बायकू परवा मला म्हनली, आमच्या मालकानं तंटा सोडला म्हनून तुमचं मानूस सुटलं." तिचं हसू थांबलं. "बावा, मी बी व्हते की घाटावर. मला कुनी इच्यारलं का, मी काय म्हनले?"

"काय म्हनला, काकी?"

ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"आटावीस वर्सं त्यांची न् माझी गाठ सुटीपुरती. वर्साला दोन म्हैनं. सुटी सरली, की हे बिस्तरा बांधायचे न् उगंच घरात फिरत बसायचे. ह्ये बघ, त्ये बघ, म्हशीला हात लाव, दाराची कडी खटखटव. मी म्हनल्याबिगार पाऊल भाईर टाकायचे न्हाईत. मग मी म्हनायची, 'जावा आता, गाडी चुकंल.' का मग निघायचे. मागं वळून बघायचे न्हाईत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिशी घाटावर सगळी वचनं दीत व्हती. मला वाटलं, ह्यांना वचन कशाला? ह्ये उगंच घुटमळाय लागल्यात. तवा मी मनात म्हनलं, 'जावा आता, गाडी चुकंल.' न् कावळा खाली उतरला."

परसात गरम वारं सुटलं होतं. रिकामी पानं भिंतीवरून एकेक करून खाली पडली.

"मग माझं?" मी म्हणालो. "मला रोज इच्यारायचे त्ये?"

"त्यांना सतराव्या वर्सी बापानं भरतीत उभं केलं. छाती मोजली, झालं. त्यांना कुनी इच्यारलंच न्हवतं कवा. म्हनून तुला इच्यारायला ग्वाड वाटायचं त्यांना. तू रोज नवं सांगायचास, का मला आत यून सांगायचे, 'आज वकील झालंय.'" मग तिनं माझा हात घट्ट धरला. "पर ह्ये आबाला सांगू नगंस. कुनालाच सांगू नगंस. लोक म्हंतील, बायकूनं नवऱ्याला हाकलला."

मी शब्द दिला.

सुटलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरमध्ये बसलो तर मागं कुणी नव्हतं. श्वास नाही, खोकला नाही. तीन महिने ज्याच्या धाकानं वाळलो तो माझ्यासाठी कधी थांबलाच नव्हता, हे मला लागलं. आणि दुसरी एक गोष्ट डोक्यात फिरायला लागली. त्या घाटावर शंभर माणसं उभी होती. शंभरांनी मनात काहीतरी म्हटलं असणार. गुरुजी काय म्हणाले असतील? ज्या दोन बायकांनी काकीला धरलं होतं त्या काय म्हणाल्या असतील? मला ते सगळं ऐकायचं होतं. मीठ कुठलं आहे ते ओळखण्यात मला काडीचा रस नव्हता.

सोमवारी कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलो. क्लार्कनं विचारलं, "कुठनं कुठं?"

"सायन्समधनं. माणसं मनातल्या मनात काय बोलतात, ते कुठल्या विषयात असतं?"

त्यानं चष्म्यावरनं बघितलं. "तसा विषय नाही. मराठी आहे, हिंदी आहे, इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे. मागं रांग आहे."

मी मराठी आणि इतिहास म्हणालो. कसलाही कौल न घेता, कुणाच्याही वतीनं नव्हे. सही मात्र बापाच्या अंगठ्यासारखी उमटली.

दिवाळीत मी आबाला सांगितलं. आबा विळ्याला धार लावत होता. हात थांबला.

"म्हंजे सायन्स सोडलंस?"

"व्हय."

"मी भावाला वचन दिलं व्हतं. घाटावर. कावळा शिवला त्या वचनावर."

"आबा, त्यो कावळा..." माझ्या तोंडात आलं होतं. दारात काकी बसली होती, धान्य निवडत. तिनं सुपावरची नजर वर केली नाही. मी म्हणालो, "मला न्हाई जमत सायन्स, आबा."

तो मला मारील असं वाटलं होतं. त्यानं विळा खाली ठेवला आणि आभाळाकडं बघितलं, मान आत घेऊन. वरनं काही पडणार असावं तसं.

त्यानंतर आमच्याकडं जे जे वाईट झालं ते ते त्या वचनावर गेलं. मोटर जळली, वचन. उसाला तांबेरा लागला, वचन. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तर तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी तिकडं सांगलीत निवांत होतो. भरपूर जेवत होतो, पायऱ्यांवर गोष्टी सांगत होतो. चेअरमनची झाली, बांधकऱ्याची झाली, गुरुजींची झाली. एकच सांगत नव्हतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मे महिन्यात न कळवता घरी आलो. आबा रानात आहे असं घरी कळलं म्हणून तिकडं गेलो. भर दुपार, ऊस डोक्याच्या वर. पाटाचं पाणी चालू होतं आणि आतनं आबाचा आवाज येत होता. वाटलं, कुणी पाहुणा आलाय. मी ओळीतनं वाकून बघितलं. आबा गुडघाभर चिखलात, फावडं टेकून उभा होता. समोर कुणी नव्हतं. मोकळा बांध.

"तसं न्हाई, दादा," तो म्हणत होता. "पोरगं वाईट न्हाई. मीच जरा वरडून बोललो त्या दिशी, त्येला इच्यारलं न्हाई. तुमी त्येच्यावर राग धरू नगा. काय घ्यायचं त्ये माझ्याकडनं घ्या. व्हय. व्हय, दादा. आयकतुय मी."

आणि तो खरंच ऐकत होता. मान तिरकी करून, मधनंच हुंकार देत, कितीतरी वेळ.

दोन ढांगांवर मी उभा होतो. एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं. काकी तेव्हा जिवंत होती, आणि मी तिला शब्द दिला होता, हे खरं. पण मी गप्प राहिलो ते तेवढ्यानंच, असं म्हटलं तर ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी थाप होईल; मला पुढचं ऐकायचं होतं. त्यानं वळून बघायच्या आत मी उसातनं मागच्या मागं निघालो, पानांची सळसळ होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी पानं बाजूला धरत.